गिरणीच्या जागेवर घरं बांधा, पण कामासाठीही जागा राखून ठेवा

प्रति,
सोलापूर महानगरपालिकेचे सर्व सन्माननीय नगरसेवक आणि नगरसेविका,
इंद्रभुवन, सोलापूर.

सप्रेम नमस्कार.

शहराच्या मध्यभागी बंद गिरण्यांच्या ज्या जागा उरल्या आहेत, त्यांचं काय करायचं हा विषय आज ना उद्या तुमच्यापुढे येणार. विषयपत्रिकेवर तो 'औद्योगिक विभागातून रहिवास विभागात समाविष्ट करणेबाबत' अशा एका ओळीत असेल, त्याच्या पुढेमागे रस्ते, गटारी, दिवे यांचे ढीगभर विषय असतील आणि गोंधळात तो मंजूर होऊन जाईल. तसं होऊ नये म्हणून आधीच लिहिते आहे. माझी मागणी एकच आहे. औद्योगिक जमिनीचा वापर बदलताना तिथल्या बांधकामाचा एक ठरलेला हिस्सा लहान उद्योगांच्या गाळ्यांसाठी कायमचा राखून ठेवा, आणि ही अट ठरावाच्या मसुद्यातच लिहा.

मी पूर्व भागात शाळेचे गणवेश शिवून घेते. भाड्याच्या जागेत बारा मशिनी, एक ओव्हरलॉक, एक काज-बटणाचं मशीन. कापड बहुतेक भिलवाड्याचं, माल जातो तो आपल्या जिल्ह्यात, मराठवाड्यात आणि कर्नाटकात. फेब्रुवारीपासून जून उजाडेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. माझ्यासारखी शिलाईची युनिट या शहरात गल्लोगल्ली आहेत. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यामुळे गिरणीचं काम काय होतं आणि ते गेल्यावर घराचं काय होतं, दोन्ही मी पाहिलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. गिरणी परत सुरू करा असं मी म्हणत नाही. ते दिवस गेले हे मला कळतं. पण गिरण्या शहराच्या पोटात का होत्या, हे विसरून त्या जमिनीचा निर्णय घेता येणार नाही. 1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली. 1877 मध्ये 'जुनी मिल' म्हणतात ती गिरणी सुरू झाली, आणि पुढच्या तीसेक वर्षांत लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून, कर्नाटकातून, दुष्काळी तालुक्यांतून माणसं आली आणि गिरणीच्या आजूबाजूलाच राहिली. भोंगा झाला की घरातून निघायचं आणि पाळीला वेळेवर पोहोचायचं, एवढं अंतर. सायकलसुद्धा चैनीची होती, तेव्हा माणूस पायी पोहोचेल तिथंच काम ठेवावं लागे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्यांचं हे गाव एका शहरासारखं जगू लागलं ते या चालत जाण्याच्या अंतरामुळे. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांना इथं मार्शल लॉ लावावा लागला, त्या उठावात गिरणी कामगार होते. पेठांमधून हजारो लोक काही वेळात एका ठिकाणी जमू शकत होते, हेही त्यामागचं एक कारण होतं असं मला वाटतं.

ते अंतर आज कुणासाठी महत्त्वाचं आहे? बायकांसाठी.

मध्यंतरी मला शहराबाहेर चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीकडे स्वस्तात शेड मिळत होती. जागा मोठी, वीज चांगली, टेम्पो थेट दारात. घ्यायच्या आधी मी माझ्याकडच्या बायकांना विचारलं. दोघी सोडून सगळ्या नाही म्हणाल्या. कारणं ऐकून घ्या, कारण ती कुठल्याही आराखड्यात लिहिलेली नसतात. एकीची सासू अंथरुणाला खिळलेली, दुपारी तिला जेवू घालायला घरी जावं लागतं. एकीचं पोर अर्ध्या दिवसाच्या शाळेतून परत येतं. एकीचा नवरा म्हणाला, गल्लीतलं काम असेल तर कर, बसनं जायचं असेल तर नको. आणि एक म्हणाली, "अक्का, काम चांगलंय, पण नळ आले त्या दिवशी घरी कोण असणार?" ज्या शहरात कित्येक वर्षं तीन-चार दिवसांआड पाणी आलं, त्या शहरात हे कारण हसण्यावारी नेता येत नाही. पाणी भरणं हे इथं बाईचं दुसरं काम आहे आणि ते कधी निघेल याचा नेम नसतो. उजनीहून सुमारे 110 किलोमीटरवरून येणारं पाणी शहरात पोहोचतं, पण ते भरायला घरात माणूस लागतं. मी शेड घेतली नाही.

याच कारणानं आपल्याकडच्या हजारो बायका विड्या वळतात. पानं-तंबाखू घरी आणायची, स्वयंपाक आणि पोरं सांभाळत दिवसभर वळायच्या, दुसऱ्या दिवशी कारखान्यात मोजून द्यायच्या. मजुरी कमी, छातीत तंबाखूची धूळ, मान-पाठ कायमची धरलेली. हे काम कुणाला आवडतं म्हणून कुणी करत नाही. ते घरात करता येतं म्हणून करतात. आणि हे काम कमी कमी होत जाणार, हेही सगळ्यांना दिसतं आहे. विडीतून बाहेर पडणारी बाई शिलाईकडे, टॉवेलच्या शिवण-पॅकिंगकडे, खाद्यपदार्थ बनवण्याकडे येऊ शकते. माझ्याकडच्या निम्म्या बायका तशाच आल्या. पण त्या आल्या कारण माझी जागा त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ही जागा दहा किलोमीटर लांब असती तर त्या अजून विड्याच वळत असत्या.

घरांच्या बाबतीत या शहरानं मोठी कामं केली आहेत. विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली. त्यानंतर कुंभारीत रे नगर, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरं, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला दिल्या गेल्या. स्वतःच्या नावावर पक्कं घर होणं म्हणजे काय, हे भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाला विचारावं. त्यात मला काही उणं काढायचं नाही. पण घरं शहराच्या बाहेर गेली आणि काम आत राहिलं, तेव्हा रोजच्या रिक्षाचं भाडं मजुरीतूनच गेलं. महापालिकेची बससेवा कशी आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आता शहराच्या आतल्या कामाच्या जमिनीही फक्त राहण्यासाठी आणि दुकानांसाठी दिल्या, तर गरीब माणसाचं घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला, किंवा पुण्यात. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं आपली किती पोरं-पोरी पुण्याला जातात ते तुम्ही स्टेशनवर पाहिलंच असेल. पदवी घेतलेल्यांसाठी आयटी पार्कची मागणी होते, ती योग्यच आहे. पण आठवी-दहावी झालेल्या बाईच्या कामाची मागणी सभागृहात कोण करणार? ती तुमच्याच प्रभागातली मतदार आहे.

आता नियमांकडे येते. जमिनीचा विभाग बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार फेरबदल करावा लागतो. राजपत्रात सूचना, एक महिन्यात हरकती आणि सूचना, सुनावणी, मग शासनाची मंजुरी. या वाटेनं विषय आला तर तो तुमच्या हातात असतो. पण दुसरी वाटही आहे. मुंबई वगळून बहुतेक राज्याला 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, औद्योगिक विभागातल्या जमिनीवर काही अटींवर निवासी आणि व्यापारी वापर मंजूर करण्याची सोय आहे. ती परवानगी प्रशासनाच्या पातळीवर होते. म्हणजे एखाद्या गिरणीच्या जागेवर काय होणार, याची चर्चा सभागृहात न होताच बांधकाम परवाना निघू शकतो. मार्च 2022 मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर प्रशासकाच्या हाती कारभार होता, तेव्हा आम्हाला कुठं विचारायला जायचं हेच कळत नव्हतं. आता विचारायला माणसं आहेत. म्हणून विनंती की, प्रस्ताव यायची वाट पाहू नका. महापालिका हद्दीतल्या बंद गिरण्यांच्या आणि मोठ्या औद्योगिक जागांसाठी खास अटी घालणारा फेरबदल सभागृहानं स्वतःहून सुरू करावा. विकास आराखड्याची सुधारणा होईल तेव्हा त्या अटी त्यातही याव्यात.

मुंबईत काय झालं ते पाहा. 1991 च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी नियम 58 होता. ढोबळ मानानं एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न करता फक्त त्या वेळी इमारती नसलेल्या मोकळ्या जमिनीची करायची, असं ठरलं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते तरी किती? महापालिकेचा आणि म्हाडाचा वाटा आक्रसून गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च 2006 मध्ये न्यायालयानं दुरुस्ती कायम ठेवली. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. हिस्सा कशावर मोजायचा हे सुरुवातीलाच बांधून टाकलं नाही, तर दहा वर्षांनी एका दुरुस्तीत सगळं निघून जातं. म्हणून आपल्याकडे हिस्सा एकूण मंजूर बांधकाम क्षेत्रावर मोजा, शिल्लक जमिनीवर नको. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. त्या तीन वाट्यांत कामासाठी स्वतंत्र वाटाच नव्हता. ज्या जमिनीनं लाखो लोकांना काम दिलं, तिच्या वाटणीत घर आलं, बाग आली, मालक आला. काम कुणाला आठवलं नाही.

कुणी म्हणेल की मॉल झाला, कार्यालयं झाली की रोजगार होतोच. होतो. सुरक्षारक्षक लागतात, सफाईला माणसं लागतात, काउंटरवर पोरी लागतात. ते कामही मोलाचं आहे. पण एका शिलाईच्या गाळ्यात दहा-पंधरा बायका बसतात, शिकाऊ बाई सहा महिन्यांत कारागीर होते आणि दोन-तीन वर्षांत एखादी स्वतःच्या मशिनी टाकते. माझ्याकडून बाहेर पडून असं करणाऱ्या आहेत आणि आज त्या माझ्याच बाजारात माल विकतात, याचा मला आनंद आहे. असं काम वाढत जातं. त्याला महागडी काच आणि संगमरवर लागत नाही. परवडणाऱ्या भाड्यात उजेडाची, हवेशीर, पक्की जागा लागते, आणि शहराच्या मध्यात नेमकी तीच मिळत नाही.

जमीनमालक म्हणतील की यात आमचं नुकसान आहे. औद्योगिक जमीन रहिवासी झाली की तिची किंमत एका सहीनं कितीतरी पटींनी वाढते. ती वाढ मालकानं कमावलेली नसते. शहराच्या निर्णयानं ती होते, रस्ता, पाणी, ड्रेनेज शहर देतं. मग त्या वाढीतला एक भाग शहरातल्या कामासाठी मागणं हा अन्याय कसा? हवं तर गाळ्यांचं बांधकाम एफएसआयमध्ये, म्हणजे जागेवर मंजूर होणाऱ्या बांधकामाच्या मर्यादेत, मोजू नका, म्हणजे मालकाचं चटईक्षेत्र कमी होणार नाही. यात तडजोडीला जागा आहे, बोलणी करा. पण हिस्साच नको, असं म्हणणं मान्य करू नका.

आता जे सांगणार आहे, ते माझ्या मागणीच्या विरोधात वापरलं जाईल, म्हणून मीच सांगते. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. त्यात मालकाच्या घरची माणसं होती आणि कामगाराच्या घरचीही, एक लहान मूलही होतं. ती कारखान्याच्या आवारातच राहत होती. त्या दिवशी पूर्व भागातल्या प्रत्येक घरात एकच विचार होता, आपल्या घराखाली काय आहे? कारण आपल्याकडे खाली यंत्रमाग आणि वर संसार, पुढं शिलाई आणि मागं चूल, असं किती ठिकाणी आहे ते मोजायला गेलं तर गल्ल्या संपणार नाहीत. सूत, कापड, कापूस, वायरिंग जुनं, जिना एकच, खिडक्यांना जाळ्या.

म्हणूनच तर वेगळे, नियमानं बांधलेले गाळे हवेत. लोक घरात मशिनी लावतात कारण दुसरी जागा परवडत नाही. काम आणि राहणं एकमेकांजवळ असावं, एकाच छताखाली नको. गाळ्यांची इमारत राहत्या इमारतींपासून वेगळी, दोन जिने, अग्निशमनची गाडी आत वळेल एवढा रस्ता, माल चढवायला मोठी लिफ्ट, टेम्पो उभा राहायला जागा, बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहं आणि तळमजल्यावर पाळणाघर. पाळणाघर शेवटी लिहिलं म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका. तिथं काय चालेल आणि काय नाही, याची यादीही करा. शिलाई, भरतकाम, टॉवेलचं शिवण-पॅकिंग, खाद्यपदार्थ, छपाई, दुरुस्तीची कामं, संगणकावरची कामं चालतील. डाइंग आणि प्रोसेसिंग शहराच्या मध्यात नको. त्याला पाणी प्रचंड लागतं आणि सांडपाणी शुद्ध करायला मोठी यंत्रणा लागते. ते एमआयडीसीतच राहू दे. यंत्रमागही इथं नकोत असं माझं मत आहे, आवाजामुळे. माझे काही यंत्रमागवाले नातेवाईक यावर रागावतील, पण शेजारच्या इमारतीत झोपणाऱ्या माणसाचाही विचार करावा लागतो.

अट घातली आणि पाळली गेली नाही, असं या शहरात नवीन नाही. म्हणून अंमलबजावणीचा मार्ग ठरावातच लिहा. गाळ्यांची इमारत पूर्ण होऊन महापालिकेच्या ताब्यात येत नाही, तोवर त्या जागेवरच्या घरांना आणि दुकानांना भोगवटा प्रमाणपत्र द्यायचं नाही. एवढी एक ओळ असली तर बिल्डर आधी गाळेच बांधेल. बाकीचे उपाय म्हणजे नोटिसा, आणि नोटिसांना कुणी भीत नाही.

गाळे ताब्यात आल्यावर खरी परीक्षा तुमची. महापालिकेच्या मेजर-मिनी शॉपिंग सेंटरमधल्या गाळ्यांच्या भाड्यावरून आणि लिलावावरून किती वाद झाले, ते शहर विसरलेलं नाही. कामाचे गाळे जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला दिले, तर वर्षभरात तिथं मोबाइलची दुकानं आणि गोदामं दिसतील. गाळा ज्याच्या नावावर, तो स्वतः तिथं काम करणारा असला पाहिजे. पोटभाडेकरू ठेवला की गाळा परत. भाडं जागेच्या क्षेत्रफळावर आणि परवडेल असं. बचतगटांना आणि स्वतःचं युनिट पहिल्यांदा सुरू करणाऱ्या बायकांना आधी संधी. कोणता गाळा कुणाला दिला, याची यादी इमारतीच्या दारावर लावा. चिठ्ठी काढायची असेल तर सगळ्यांसमोर काढा.

आणि कामगारांच्या देण्यांचा विषय. बंद उद्योगाच्या जागेवर निवासी किंवा व्यापारी वापराची परवानगी द्यायच्या आधी, कामगारांची कायदेशीर देणी दिली गेली किंवा त्याची समाधानकारक व्यवस्था झाली, असं कामगार आयुक्तांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. 2020 च्या नियमावलीतच ते आहे. माझ्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा देणी तुकड्या-तुकड्यांनी आली. काही त्यांच्या हयातीत आली, काही आलीच नाहीत. ते कागदांची पिशवी घेऊन कार्यालयात जायचे, तिथं बसायचे आणि परत यायचे. त्यांच्या वयाचे आता थोडेच उरले असतील, पण त्यांच्या विधवा आहेत, मुलं आहेत. असा प्रस्ताव येईल तेव्हा ते प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे एवढ्यावर थांबू नका. ते सभागृहात वाचून दाखवायला सांगा, आणि किती कामगारांची देणी बाकी आहेत हे विचारा.

शेवटची मागणी सुनावणीची. हरकती आणि सूचना नोंदवायची मुदत एक महिन्याची असते. राजपत्र आमच्यापैकी कुणी वाचत नाही, आणि वर्तमानपत्रातली बारीक अक्षरातली जाहिरात नेमकी त्याच दिवशी डोळ्यांपुढे येईल असं नाही. सूचना निघाली की ती मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही छापा. विडी कारखान्यांच्या दारावर, यंत्रमाग कारखान्यांत, रेशन दुकानांवर, शाळांच्या फाटकावर लावा. सुनावणी एक दिवस तरी पूर्व भागात घ्या, आणि संध्याकाळी सातनंतर घ्या. दुपारी बोलावलं तर रोजंदारीवरची बाई खाडा करून येणार नाही. त्या दिवशी पाण्याची पाळी कोणत्या भागाची आहे, तेही आधी पाहून घ्या.

आपली,
गणवेश शिवणाऱ्या एका लहान युनिटची चालक,
पूर्व भाग, सोलापूर